मी दिलेला शब्द

"ओडा," भुवन म्हणाला.

"ओडा नव्हे. ओढा. ढ. ढगातला ढ."

"ओ... ड्ढा."

जुई पोट धरून हसायला लागली. शिरीष हेल्मेटचा पट्टा लावत होता. तो भुवनला म्हणाला, "भाऊ, तुझी काही सुटका नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या किराणाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ अजून तपासले जातात."

"तपासते म्हणून तर यादी वाचता येते," मी म्हणाले.

सावरी नदीच्या काठावर आम्ही चौघं उभे होतो. मी, माझा नवरा शिरीष, आमची दहा वर्षांची जुई आणि शिरीषचे वडील, अण्णा. ऑक्टोबरातली सकाळ होती. घाटमाथ्यावर आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता असं चहावाला सांगत होता, पण खाली आमच्या डोक्यावर निरभ्र ऊन होतं. धरणातून सकाळी पाणी सोडत. तेवढे दोन-अडीच तास नदी राफ्ट चालण्याइतकी भरायची आणि मग पुन्हा ओसरायची. कंपनीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सहकुटुंब जलसफर, वय वर्षे आठ ते साठ.' अण्णांना अडुसष्ट पूर्ण झालेली होती. शिरीषने फॉर्मवर साठ लिहून टाकलं.

"आठ वर्षं उतरवलीस की रं माझी," अण्णा म्हणाले. तेवढं बोलले म्हणून शिरीषने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

कारण अण्णा बोलतच नव्हते. चैत्रात माझ्या सासूबाई गेल्या आणि त्या दिवसापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. एकतीस वर्षं एसटीचे घाटातले रूट केलेला ड्रायव्हर, ज्याच्या बोलण्याने आमचा वाडगाभर पोह्यांचा नाश्ता तासभर लांबायचा, तो दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचा. सांगलीच्या त्या तीन खोल्यांत आम्हाला गुदमरायला झालं होतं. "त्यांना डोंगरात नेऊ या," शिरीष म्हणाला. "पाटणच्या खोऱ्यात वाढलाय माणूस. पाणी दिसलं की बोलेल." सहल शिरीषने ठरवली होती. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

भुवन रावत आमचा गाइड. गढवालचा, पंचविशीचा, पाठीमागे बसून राफ्ट वळवणारा. त्याने आधी सगळ्यांना सांगतात तसेच हुकूम आम्हाला सांगितले. फॉरवर्ड म्हणजे पुढे, बॅकवर्ड म्हणजे मागे, स्टॉप, गेट डाउन. काठावरच्या उथळ पाण्यात सराव करताना अण्णांनी दोनदा फॉरवर्डला मागे आणि बॅकवर्डला पुढे वल्हं मारलं. दुसऱ्यांदा त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि पुन्हा तो भिंतीकडे बघतानाचा चेहरा केला. मला ते सहन झालं नाही.

"मराठीत सांगा की त्यांना," मी भुवनला म्हणाले. "महाराष्ट्रातली नदी, मराठी माणसं, आणि हुकूम मात्र इंग्रजीत?"

"दीदी, मुझे मराठी आती नहीं. आप बोलो, मैं सीख लूँगा."

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मला एवढं निमित्त पुरतं. उभी राहून, कमरेवर हात ठेवून मी चार शब्द पाडले. पाणी आपल्याकडे ओढायचं, म्हणून 'ओढा'. उलटं ढकलायचं, म्हणून 'रेटा'. मग 'थांबा'. आणि राफ्टच्या तळात दबून बसायचं, ते 'बसा'. अण्णांनी पहिल्या खेपेला चारही बरोबर केले. "असं सांगितल्यावर कळतंय," ते म्हणाले आणि चक्क हसले. मला इतका आनंद झाला की मी भुवनचा ढ पक्का करून घेतल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

हे सगळं चाललं तेव्हा बिरू झोरे तिथे नव्हता. तो बचावाच्या दोराची पिशवी मोटरसायकलला बांधून आमच्या आधीच पुढे निघून गेला होता. जवळच्याच धनगरवाड्यातला, बोलायला लाजणारा माणूस. निघताना जुईचं जॅकेट त्याने दोन बोटं घालून तपासलं, पट्टा आणखी आवळला आणि म्हणाला, "सैल नगं ठिऊ, बाय." पुढे एका मोठ्या वळणाखाली, डाव्या काठावरच्या खडकावर तो दोर घेऊन उभा राहणार होता. कोणी पाण्यात पडलंच तर फेकायला.

"वहाँ राइट साइड से एक नाला आता है," भुवनने निघता निघता सांगितलं. "छोटा है, कुछ नहीं. बिरू उधर खड़ा रहेगा. वह सीटी मारे तो सब उसको देखना. हाथ जिधर, राफ्ट उधर. ठीक है?"

"हात जिकडे, राफ्ट तिकडे," जुईने मराठीत भाषांतर केलं आणि माझ्याकडे शाबासकीसाठी पाहिलं.

पहिला तास सुखाचा होता. असं लिहिताना हात अडखळतो, पण तो होता. पुढे डावीकडे शिरीष, उजवीकडे अण्णा. अण्णांच्या मागे मी. जुई मधे दोरी धरून. लहानसहान उतार आले की भुवन ओरडायचा, "ओढ्ढा!" आणि आम्ही ओढायचो. पाणी अंगावर यायचं, जुई किंचाळायची. एका शांत डोहात अण्णांनी काठाकडे बोट दाखवलं आणि जुईला सांगितलं, "त्यो करंज. आन् त्यो वाकलाय त्यो उंबर. तुझ्या आजीला उंबरं खायला आवडायची, किडं काढून." सासूबाईंचं नाव त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा घेतलं. शिरीष मागे वळला. त्याच्या पापण्या ओल्या होत्या, आणि सगळ्याच माणसांच्या पापण्या ओल्या असल्याने त्याला ते लपवावं लागलं नाही.

"बघ," तो मला फक्त ओठांनी म्हणाला.

मग ते वळण आलं. नदी डावीकडे वळत होती आणि उजवीकडची बाजू झाडीने झाकली होती. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. आवाज मात्र वाढला होता. मला वाटलं, पुढे मोठा उतार असेल.

शिट्टी वाजली. लांब, एकच.

आम्ही सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. बिरू खडकाच्या अगदी टोकावर आला होता. त्याने उजवा हात पूर्ण ताणून समोरच्या काठाकडे, आमच्या उजवीकडे केला होता आणि तो ओरडत होता. दोन-तीनदा आवाज पाण्यात बुडाला. मग स्पष्ट आला.

"वढाऽऽ! वढाऽऽ!"

"ओढा!" मी ओरडले. वढा म्हणजे ओढा, एवढं मला कोणी सांगायला नको होतं.

"ओढा!" मागून भुवन ओरडला. या खेपेला त्याचा ढ अगदी स्वच्छ होता. "राइट! राइट! ओढा!"

आम्ही ओढलं. मी आयुष्यात कधी कशासाठी एवढा जोर लावला नसेल. पुढे शिरीषची पाठ वाकत होती, ताठ होत होती. त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती, हे मी खरं सांगते. मला वाटत होतं, आपण किती छान ओढतोय.

अण्णांचं वल्हं थांबलं.

ते माझ्या पुढ्यातच होते म्हणून मला दिसलं. त्यांनी वल्हं पाण्याबाहेर काढलं आणि मान उजवीकडे वळवली. "अण्णा, ओढा!" मी त्यांच्या कानाशी ओरडले. ते ओढेनात. आमची बाजू कमी पडली, शिरीषची जास्त झाली, आणि राफ्ट उजवीकडे तोंड करून आडवी फिरली. अण्णा मागे वळून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही.

झाडी संपली आणि तो छोटा नाला दिसला. तो छोटा नव्हता. तांबडं पाणी छातीएवढ्या उंचीने, दगड गडगडवत, मुळासकट उपटलेलं एक झाड आडवं धरून नदीत घुसत होतं. घाटमाथ्यावरचा रात्रीचा पाऊस आता खाली पोचला होता. आम्ही त्याच्या तोंडाशी होतो.

राफ्ट पालथी झाली. आत काळोख, मग उजेड, मग पुन्हा काळोख. माझ्या हाताला निरगुडीच्या फांद्या लागल्या आणि मी डाव्या काठाला अडकले. मान वर केली तर अण्णा प्रवाहात थोडं खाली एका दगडाला मिठी मारून होते. भुवन कुठे दिसत नव्हता. पाण्याच्या मधोमध शिरीष दिसला. त्याच्या एका हातात जुईच्या जॅकेटचा खांदा होता.

बिरूने दोर फेकला. पहिला आखूड पडला. त्याने तो खेचून घेतला, पुन्हा फेकला आणि तो बरोबर त्यांच्या अंगावर पडला. शिरीषने दोर जुईच्या हातात कोंबला. मी ते पाहिलं. दोन्ही हातांनी तिची मूठ त्याने दोरावर दाबून धरली आणि त्यासाठी त्याला तिचं जॅकेट सोडावं लागलं.

"वढा, बाई! वढा!" बिरू माझ्यावर ओरडला. मी चिखलातून सरपटत त्याच्यापर्यंत गेले आणि दोर धरला. आम्ही दोघांनी मिळून माझ्या मुलीला बाहेर ओढलं.

शिरीषला त्या झाडाने घेतलं. बिरूने कमरेला दोर बांधून दोनदा उडी टाकली. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालपटं निघाली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वाकली होती. शिरीष सापडला तो दुपारी दोन वाजता, नदी ओसरल्यावर. त्याच झाडाच्या फांद्यांत. हेल्मेटचा पट्टा तसाच नीट लावलेला होता.

माझा जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात घेतला. हवालदार वयस्कर होते, सावकाश लिहीत होते.

"गाइडनं सांगितलं का उजवीकडे घ्या म्हणून?"

"आधी काठावरचा माणूस ओरडला. त्याने हात उजवीकडे केला. मग गाइड."

"काय ओरडला? शब्दशः सांगा, ताई."

"वढा."

त्यांनी तसंच लिहिलं. मला उलटं दिसत होतं. नवरा जाऊन चोवीस तास झाले नव्हते, कपाळावर चार टाके होते, आणि तरी मी म्हणाले, "वढा नव्हे. ओढा लिहा. तो आमचा ठरलेला हुकूम होता. ओढा म्हणजे पुढे."

"ओढा," हवालदार म्हणाले आणि आधीचा शब्द खोडला.

बिरूने धोक्याकडे हात केला आणि ओढा म्हणाला, म्हणून आम्ही मेलो. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ बसलं होतं. त्याने जुईला वाचवलं हे मला दिसलं होतं, पण आधी मारायचं आणि मग वाचवायचं याला काय अर्थ आहे, असं मी माझ्या आईला म्हणाले होते. बिरू आणि भुवन दोघांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. भुवनला जामीन मिळाला आणि तो गढवालला गेला तो तारखेला परत आलाच नाही. बिरूला जामीन राहायलाच कोणी मिळेना. तो साडेचार महिने आत होता. त्या काळात त्याचा बाप गेला, असं कोणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आणि अण्णा. अण्णांना मी एकदाच बोलले, पण जे बोलले ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, भांडी विसळता विसळता म्हणाले, "तुम्ही वल्हं थांबवलंत. तुम्ही ओढलं असतंत तर राफ्ट आडवी झाली नसती."

ते पाटावर बसले होते. म्हणाले, "व्हय." आणि उठून जुईच्या दप्तराला शिवण घालायला गेले. एवढंच. भिंतीकडे बघायचं त्यांनी सोडलं होतं. जुईला शाळेत पोचवणं, आणणं, तिचे केस विंचरणं, सगळं ते करत. आमच्या घरात कोणी कोणावर ओरडत नव्हतं, कारण कोणी बोलतच नव्हतं.

सव्वादोन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. साक्ष पंधरा दिवसांवर होती. मी ते कपाटात ठेवलं आणि शाळेत गेले.

सातवीचा तास. अनेकार्थी शब्द. मी फळ्यावर 'कर' लिहिला. कर म्हणजे हात, कर म्हणजे सारा. मग 'मान'. मग 'वात'. "आता तुम्ही सांगा," म्हणाले. हात वर झाले. शेवटच्या बाकावरून तनुजा येडगे उठली. डोंगराकडच्या वाडीतून येऊन वसतिगृहात राहणारी मुलगी, सहसा तोंड न उघडणारी.

"वढा, बाई."

वर्ग हसला. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ओढा म्हण. छान. अर्थ सांग."

"ओढा म्हंजे खेच. दोर ओढा, गाडी ओढा." ती थांबली. वर्गाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. "आन् ओढा म्हंजे आमच्या वाडीच्या वाटंवर हाय की, त्यो. पानी असतंय त्यो. वर पाऊस झाला की लई जोरात येतो, बाई. मग माझी आई पल्याडनं हात करती आन् वरडती, वढाऽऽ! वढाऽऽ! म्हंजे आमी पानी वलांडू नये म्हनून."

तिने ते वाडीत ओरडतात तसं ओरडून दाखवलं. हातसुद्धा केला. उजवा, पूर्ण ताणून.

"बरोबर आहे का, बाई?" तनुजाने विचारलं. मी म्हणाले, "बरोबर आहे. बस." एवढं बोलून मी वर्गाबाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

बिरू आमच्या आधी पुढे गेला होता. चार शब्द मी पाडले तेव्हा तो तिथे नव्हताच. सबंध मोसमभर त्या नदीवर हुकूम दिला गेला होता तो फॉरवर्ड. 'ओढा' हा हुकूम जगात फक्त आमच्या राफ्टवर होता, फक्त त्या सकाळी, आणि तो माझा होता. बिरूच्या तोंडी त्या हाकेचा एकच अर्थ होता. ओढा आलाय. तिकडे बघा. हात धोक्याकडे करायचा नसतो हे त्याला शिकवलेलं असणार, पण डोळ्यांसमोर ओढा आल्यावर माणसाचा हात ओढ्याकडेच जातो. आणि भुवनला मराठी येत नव्हती. त्याला 'ओढा'चा एकच अर्थ ठाऊक होता, कारण मी त्याला एकच शिकवला होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा लसूण सोलत बसले होते. जुई क्लासला गेली होती. मी चप्पल न काढताच त्यांच्या समोर जाऊन बसले.

"अण्णा, तुम्ही वल्हं का थांबवलंत?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग लसणाची परडी बाजूला सरकवली.

"कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

"त्या गड्याचा आवाज कानावर आला तसा मला वढाच दिसला," ते म्हणाले. "आमच्या गावाला असंच वरडायचं. मान वळवली तर पाणी आलेलं. मागं फिरून तुला म्हणलं, मंजिरी, थांब, वढा हाय. तू म्हणालीस, ओढतेच आहे."

"मी असं म्हणाले?"

"व्हय."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण अण्णा खोटं बोलत नव्हते.

"तुम्ही सांगितलं का नाहीत? दोन वर्षं, अण्णा! वर्षश्राद्धाला मी तुम्हाला तोंडावर बोलले, तेव्हाही..."

"सांगून काय करायचं व्हतं? माझा पोरगा गेल्ता. सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग पोरीनं कुणाकडं बघायचं? माझ्याकडं?" त्यांनी आपले म्हातारे हात माझ्यापुढे उघडे करून दाखवले. "माझ्यावर राग धरलास तर धर म्हणलं. तेवढ्यानं तू उभी राहत व्हतीस."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग मी विचारलं, "आणि बिरू?"

अण्णांनी परडी पुन्हा जवळ घेतली. एक पाकळी उचलली, तिचं साल काढलं, नीट परडीत ठेवली. "त्याला मी सोडला," शेवटी ते म्हणाले. "घाटात ब्रेक गेला की ड्रायवर बघतो, कुठल्या बाजूला कमी माणसं मरतील. तसं केलं मी. त्याचा बाप गेला तवा मी जाऊन आलो गुपचूप, पर सांगायचं धाडस झालं न्हाई. देव माझं काय करायचं ते करील."

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. अण्णा मागच्या बाकावर होते. आरोपीच्या जागेवर बिरू उभा होता. मी त्याला नदीनंतर पहिल्यांदाच पाहत होते. खांद्यावर टॉवेल, डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलांनी माझा जबाब वाचून दाखवला. "आरोपीने उजव्या बाजूस हात करून 'ओढा' असं मोठ्याने म्हटलं. हे खरं आहे का?"

"खरं आहे. पण..."

"हो की नाही एवढंच सांगा."

"हो. पण साहेब, तो हुकूम नव्हता. ते नाम होतं."

कोर्टात दोघंतिघं हसले. न्यायाधीश चष्म्यावरून बघायला लागले. मी फळ्यासमोर उभी राहून सांगते तसं सगळं सांगितलं. शब्द कोणी दिला, कधी दिला, तेव्हा बिरू कुठे होता. सांगताना माझा आवाज कापला नाही, कारण शिकवताना तो कधीच कापत नाही. शेवटी म्हणाले, "त्या माणसाने आम्हाला थांबवायला हाक मारली. आम्ही तिच्यावर वल्ही मारली. माझ्या नवऱ्याला त्या तोंडात मी नेलं." टंकलेखकाने विचारलं, नाम म्हणजे कुठलं नाम? न्यायाधीशांनी त्याला सावकाश समजावून सांगितलं.

बिरू त्यानंतर सुटला. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. अण्णाही गेले. जुई इंजिनीअर होऊन पुण्याला आहे, आणि मी सातवीला अनेकार्थी शब्द अजून शिकवते. 'ओढा' मी स्वतः फळ्यावर लिहिते, दोन्ही अर्थांसकट.

पण त्या दिवशी कोर्टाबाहेर लिंबाखाली मी बिरूला गाठलं होतं. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. शेवटी एवढंच विचारलं, "तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलंत, ओढा म्हणजे ओढा म्हणून?"

"सांगितलं की, बाई." तो आश्चर्याने म्हणाला. "त्यांनी इचारलं, वढा म्हनालास का? म्या म्हनलं, व्हय, वढा म्हनालो. ते म्हनाले, मंग झालं. आन् लिवलं." त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "वाचाया येत न्हाई मला. काय चुकीचं लिवलंतं काय त्यांनी?"

त्याच्या वकिलाने दिलेली त्याच्या जबाबाची प्रत माझ्या हातात होती. 'मी उजव्या हाताने दाखवून ओढा असे दोन वेळा मोठ्याने ओरडलो.' मी ती ओळ तिथल्या तिथे पुन्हा वाचली, सवयीने, ऱ्हस्व-दीर्घ बघत. एकही चूक नव्हती.